जाताना बॅग, येताना पोतं

मोटारसायकलवरून सामान कसं न्यावं, याचा सल्ला नांदेड-लातूरकडं कुणाला मागू नये. कारण तो मिळतो. दूधवाला देतो, औषध कंपनीचा एमआर देतो, गॅसच्या टाक्या पोचवणारा देतो, आणि ज्यानं जन्मभर एसटीशिवाय प्रवास केला नाही तो सगळ्यात जास्त देतो. मोटारसायकल ही दोन माणसांसाठी केलेली गाडी आहे, हे आमच्याकडं फक्त आरटीओला माहीत आहे. बाकी सगळ्यांच्या लेखी तो छोटा टेम्पो आहे. त्यावरून खताचं पोतं जातं, फवारणीचा पंप जातो, कडब्याच्या पेंढ्या जातात, आठवडी बाजाराला शेळी जाते. (शेळी मधे, मागचा माणूस तिला कवळून धरलेला, आणि तिघांत शांत चेहरा शेळीचाच.)

अशा मुलखात माझ्या भाच्याला मोटारसायकलसाठी 'लगेज' निवडायचं होतं.

भाचा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पास होऊन पुण्यात नोकरीला लागला आहे. नवी गाडी घेतली आहे. उन्हाळ्यात लडाखला जाणार आहे. त्याची रंगीत तालीम म्हणून डिसेंबरात सुट्टी काढून नांदेडला आला, आणि येळवशीला (म्हणजे वेळ अमावस्येला) नांदेडहून अहमदपूरमार्गे लातूरला जायचं ठरवलं. अंतर जवळपास १४० किलोमीटर. लडाखमध्ये थंडी, विरळ हवा आणि बर्फ यांना तोंड द्यावं लागतं. अहमदपूरला माझी आक्का राहते, म्हणजे त्याची मावशी. तयारी दोन्हीकडं लागते.

"लगेज सिस्टीम ठरवायचीय मामा," भाचा म्हणाला.

दाजींनी पेपरातून मान वर केली नाही. "दोन चड्ड्या अन् एक टॉवेल न्यायलास. त्याला सिस्टीम कशाला लागती?"

भाच्यानं मग आम्हाला समजावून सांगितलं. पेट्रोलच्या टाकीवर बसते ती टँक बॅग. मागच्या सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबते ती सॅडल बॅग. सीटवर आडवी बांधतात ती टेल बॅग. आणि सगळ्यात मागं कॅरिअरवर कुलूपवाला कडक डबा, तो टॉप बॉक्स. या डब्यांच्या धंद्यात जगात मोठं नाव इटलीच्या गिव्हीचं. ही कंपनी जुझेप्पे विसेन्झी नावाच्या मोटारसायकल शर्यतपटूनं शर्यती सोडल्यावर १९७८ साली काढली.

"म्हंजे शर्यती खेळायचा तवा सामान नव्हतं," दाजी म्हणाले, "अन् सामान आलं तशी शर्यत सुटली."

भाच्याचं लग्न व्हायचं आहे, त्यामुळं त्याला यातलं मर्म कळलं नाही.

एकेक प्रकार आमच्याकडच्या रस्त्यावर आणून पाहावा म्हणजे गंमत कळते. टँक बॅग लोहचुंबकानं टाकीला चिकटते. टाकी लोखंडाची असेल तर चिकटते. ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकनं झाकलेली असेल तर पट्टे बांधावे लागतात. हे झालं शास्त्र. व्यवहारात आमच्याकडं टाकीवरची जागा आधीच गेलेली असते. तिथं धाकटं पोरगं बसतं. पोरगं शाळेत जाण्याइतकं मोठं होऊन मागं सरकलं की तिथं पोतं येतं. पोतं चालवणाऱ्याच्या पोटाला टेकतं आणि हँडल फिरवताना माणसाला श्वास आत ओढून घ्यावा लागतो. मोंढ्याकडून येणाऱ्या रस्त्यावर उभं राहून पाहिलं, तर वळणावर सगळ्यांची पोटं एकदम आत गेलेली दिसतात.

सॅडल बॅगेची अडचण वेगळी. आपल्या नेहमीच्या गाड्यांना उजवीकडं सायलेन्सर असतो आणि डावीकडं साडी गार्ड. सायलेन्सरला कापडी बॅग टेकली तर ती जळते. म्हणून मधे पत्रा किंवा लोखंडी कांबीची चौकट लावून बॅग अलग ठेवावी लागते. डावीकडच्या साडी गार्डाचं मात्र परदेशी बॅगवाल्यांच्या डोक्यातही येत नाही. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे: मागं बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण हवं. भाच्याला बॅगेची चौकट बसवण्यासाठी गार्ड काढायचा होता. हे ऐकून स्वयंपाकघरातून ताई बाहेर आली. "अन् मी बसल्यावर पदर कुठं ठेवू? चाकात?" गार्ड राहिला. लडाखचं लडाखला बघू, असं ठरलं.

उरला टॉप बॉक्स. तो भाच्यानं आधीच घेऊन ठेवला होता, हे नंतर कळलं. आमच्यापुढची चर्चा ही मुलगी पसंत केल्यावर घरच्यांचं मत विचारतात तशातली होती. डबा काळा, गुळगुळीत, झाकणाला रबराची कड, एक कळ दाबली की कॅरिअरवरून सुटा होणारा. त्यात दोन हेल्मेटं बसतात, असं त्यानं सांगितलं. आमच्या गल्लीत सगळ्या घरांची मिळून दोन हेल्मेटं निघतील, म्हणून सोय पुरेशी वाटली. पण अशा डब्यात दहाएक किलोच्या वर भरू नये, कारण डबा मागच्या चाकाच्याही मागं असतो. तिथं वजन वाढलं की पुढचं चाक हलकं पडतं, हँडल वळवळायला लागतं आणि वेगात गाडी डोलते. वजन नेहमी खाली, दोन्ही चाकांच्या मधे आणि दोन्ही बाजूंना सारखं असावं.

"दहा किलो?" दाजींनी आता पेपर खाली ठेवला. "दहा किलोत आक्काची डाळ बी बसायची न्हाई."

सरकारनंही यात लक्ष घातलं आहे, हे मला कौतुकाचं वाटतं. केंद्रानं २०२० साली मोटारसायकलवरच्या डब्याची मापं ठरवून दिली: लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१०, उंची ५००, आणि डब्यासकट वजन ३० किलोच्या आत. घरगुती गॅसच्या भरलेल्या टाकीचं वजनही लोखंडासकट साधारण ३० किलोच्याच घरात जातं. म्हणजे सरकारच्या मते मोटारसायकलला एक सिलिंडर झेपतो. आता युरियाचं पोतं घ्या. ते पूर्वी ५० किलोचं होतं. २०१८ पासून ४५ किलोचं केलं. शेतकरी एकराला किलो मोजत नाही, पोती मोजतो, तेव्हा पोतंच लहान केलं की खत कमी पडेल, असा त्यामागचा हिशेब. मोटारसायकलची दया येऊन कुणी ते केलं नव्हतं. पण मराठवाड्यातल्या तमाम शॉकॲब्सॉर्बरांनी त्या दिवशी पाच किलोंचा सुस्कारा टाकला असणार. तरी पोतं अजून डब्याच्या मापाच्या दीडपट आहे, आणि ते रोज जातं. एक टाकीवर, एक मागं.

ज्यांना हा विषय खरोखर कळतो ती माणसं त्यावर बोलत नाहीत. आमच्या गल्लीत येणारा दूधवाला पहा. जुनी गाडी, मागं अँगल वेल्डिंग करून बसवलेली चौकट, तिला दोन्हीकडं सळईचे आकडे, आकड्यांना ॲल्युमिनियमचे कॅन. कॅनचं बूड जवळपास चाकाच्या आसापर्यंत खाली. पहिल्या घराला तो डावीकडच्या कॅनमधून माप घालतो, दुसऱ्या घराला उजवीकडच्या. मला वाटायचं, एकात म्हशीचं आणि एकात गायीचं. तसं नव्हतं. एकच बाजू रिकामी होत गेली तर गाडी दुसरीकडं ओढते, म्हणून हा डावा-उजवा. कॅनच्या तोंडाशी गवताची मूठ कोंबलेली असते. धक्का बसला तरी दूध उसळत नाही. भाचा ज्याला 'वेट डिस्ट्रिब्यूशन' म्हणतो आणि इंटरनेटवर ज्याचे तासतासभराचे व्हिडिओ बघतो, ते हा माणूस पहाटे पाच वाजता झोपेत करतो. त्याला भाच्यानं विचारलं, "काका, टॉप बॉक्स कसा वाटला?" त्यानं डबा बोटानं वाजवून पाहिला. "दूध किती बसंल?" एवढंच म्हणाला आणि गेला.

आणि मोपेडवाले! टीव्हीएस एक्सएलची पुढची मोकळी जागा ज्यानं पहिल्यांदा आखली, त्याला गावागावात जाऊन हार घालायला हवा. मागचं सीट उचलून घरी ठेवता येतं, मग राहतो तो नुसता पाट. भाजीवाल्याचा संसार, कुल्फीवाल्याची पेटी, बोहारणीची बोचकी, मंडपवाल्याच्या कनाती, सगळं त्या पाटावर. चाकं कुठं आहेत ते दिसत नाही. नुसता कडब्याचा ढीग आपला आपण रस्त्यानं येताना दिसला, तर समजावं की आत एक्सएल आहे आणि तिच्याही आत माणूस आहे.

लातूरकरांचा या बाबतीतला अनुभव तर कुठल्याच मोटारसायकल क्लबाला नसेल. २०१६ च्या उन्हाळ्यात शहराचं पाणी आटलं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला 'जलदूत'चे पहिले दहा टँकर पोचले. रेल्वे स्टेशनापर्यंत आली, टँकर चौकापर्यंत आला. चौकापासून घरापर्यंत पाणी आणलं ते दुचाकीनं. शिक्षक, वकील, सराफ, कारकून, सगळे हँडलला घागरी आणि मागं कॅन बांधून फिरत होते. तेव्हा सगळ्या शहराला एक गोष्ट कळली, जी मोटारसायकलच्या पुस्तकात सहसा नसते: काठोकाठ भरलेला कॅन शहाण्यासारखा बसतो, अर्धा भरलेला गाडी पाडतो. आतलं पाणी वळणावर आपल्या उलट धावतं आणि ब्रेक मारला की उशिरा थांबतं. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी अर्धंच मिळायचं, ही त्यातली खरी मेख. आता कुणी हे हसत सांगतो, कुणी अजूनही हसत नाही.

असो. भाच्याला टॉप बॉक्सखेरीज एक सीटवरची बॅग हवी होती. ऑनलाइन मागवायची ती दाजींनी मागवू दिली नाही आणि त्याला सीट कव्हर शिवणाऱ्या रेग्झिनवाल्याकडं घेऊन गेले. मीही गेलो, अशा ठिकाणी मी जातोच. दुकान म्हणजे सहा फुटी फळी, एक जाड सुईचं मशीन, आणि वर टांगलेली निम्म्या नांदेडची सीटं. कारागीर म्हातारा, दखनी बोलणारा. भाच्यानं मोबाइलमधलं चित्र दाखवलं. त्यानं चष्मा कपाळावर नेऊन चित्र पाहिलं, मग चष्मा खाली घेऊन भाच्याला पाहिलं.

"चेन नक्को," तो म्हणाला. "बक्कल लगाव. चेन धूल से मरती."

हे वाक्य मी ज्ञान म्हणून तुमच्यापुढं ठेवतो. आमच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते. ती चेनच्या दातांत बसली, वर एक पावसाचा शिंतोडा आला, की चेन तिथंच वारते. बॅग उघडी असेल तर उघडी, बंद असेल तर बंद. म्हाताऱ्यानं तोंड गुंडाळून वरून दोन पट्टे ओढायची बॅग सुचवली. बुडाला रेग्झिनचा दुहेरी थर, खाली घासू नये म्हणून स्पंजाचा तुकडा, दोन्ही बाजूंना कड्या. शिवता शिवता त्यानं फक्त एक प्रश्न विचारला: "जाने का माप दूं, के आने का?"

भाचा हसला. त्याला तो विनोद वाटला. दाजींनी मात्र गंभीरपणे सांगितलं, "येण्याचं द्या." पण पैसे भाचा देणार होता, त्यामुळं माप जाण्याचंच पडलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. आम्ही म्हणजे पुढं भाचा, मागं मी. माझं नाव त्यानं सामानाच्या यादीत 'पिलियन, ७८ किलो' असं टाकलं होतं, पंक्चर किटच्या खाली. टॉप बॉक्समध्ये प्रथमोपचाराची पेटी, हवा भरायचा पंप, पाना-पकड, चार्जर, कॅमेऱ्याची तिकाटणी आणि पावसाळी कव्हर. डिसेंबरात पावसाळी कव्हर कशाला, असं मी विचारलं नाही. रेग्झिनच्या बॅगेत दोघांचे कपडे. मागच्या टायरात हवा थोडी जास्त भरली, चेनचा ताण पाहिला. हे दोन्ही त्यानं बरोबर केलं; ओझं वाढणार असेल तर हे करावंच, आणि आमच्याकडं पोतं लादणारे शंभरात नव्वद ते करत नाहीत.

विष्णुपुरी, सोनखेड, लोहा. रस्ता आता चांगला झाला आहे, त्यामुळं रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही उरलं नाही, आणि यातून लेखकांचं केवढं नुकसान झालं आहे! लोह्याच्या पुढं माळेगाव. याच दिवसांत तिथं खंडोबाची यात्रा भरते आणि घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार लागतो. आम्ही थांबलो. एका ठिकाणी घोड्याच्या पाठीवर टाकायची पडशी विकायला होती: मधे पट्टा, दोन्हीकडं दोन झोळ्या, तोंडाला दोरीची सरकगाठ. भाच्यानं ती उलटसुलट करून पाहिली, कड्या मोजल्या, किंमत विचारली, आणि मोबाइलवर आपल्या आवडत्या सॅडल बॅगेचं चित्र काढून दोन्ही शेजारी धरलं. फरक होता. चित्रातल्या बॅगेवर चमकणारी पट्टी होती आणि किमतीत दोन शून्यं जास्त होती.

अहमदपूरला आक्कानं दारातच गाडीभोवती फेरी मारली. "एवढीच पिशवी घेऊन आलास व्हय?" ती भाच्याला म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती आणि मला त्या काळजीचा इतिहास माहीत आहे. मराठवाड्यात पाहुण्याच्या बॅगेत जी मोकळी जागा दिसते ती यजमानाच्या इभ्रतीला लागते.

दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस. बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही, पण या दिवशी लातूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी सुट्टी देतात आणि शहरं ओस पडतात. सगळी जनता शेतात. कोपीत पांडवांची पूजा, मग पंगत: बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, हरभरा-तूर-वाटाण्याचे ओले दाणे आणि दहा पालेभाज्या घालून शिजवलेली भज्जी, आणि ताकातलं ज्वारीचं आंबील. आंबील मातीच्या बिंदग्यात आंबवायचं आणि बिंदग्यातूनच शेतात न्यायचं. पूर्वी घरधन्याच्या डोक्यावर घोंगडी, घोंगडीवर बिंदगा, अशी ही वरात निघायची. आता ती मोटारसायकलवर निघते. आक्कानं हुकूम सोडला, "तुझी गाडी मोठी हाय. बिंदगा तुझ्यावर."

भाच्यानं टॉप बॉक्स उघडला. बिंदग्याचं पोट आत बसत होतं, मान बाहेर राहत होती. आडवा ठेवता येत नव्हता, का ते सांगायला नको. रेग्झिनच्या बॅगेत ठेवून पट्टे आवळावेत तर मडकं फुटायची भीती. सिस्टीम संपली. तेवढ्यात आक्काची सून एका बाजूला दोन्ही पाय घेऊन मागं बसली, साडी गार्डाखालच्या पट्टीवर पाय टेकवले, बिंदगा मांडीत घेतला, त्याच्या गळ्याभोवती उजवा हात, डाव्या हाताची मूठ सीटमागच्या दांडीला. "चला भाऊजी," म्हणाली. वाटेत दोन चाकोऱ्या, एक ओढा आणि एक म्हैस आली. आंबील सांडलं नाही. मांडीला धक्का झेलता येतो, डब्याला येत नाही. शिवाय मांडी वळणावर आधीच झुकते. रस्त्यानं प्रत्येक गाडीवर तीच बैठक होती. त्या सकाळी लातूर जिल्ह्यात किती आंबील हलतं, याची नोंद मोटारसायकल कंपन्यांनी घ्यायला हवी.

टॉप बॉक्स अगदीच वाया गेला असं नाही. त्यात भज्जीचं पातेलं ठेवलं. वॉटरप्रूफ डबा म्हणजे बाहेरचं पाणी आत येत नाही. तसा आतला वासही बाहेर जात नाही, हे मात्र खोक्यावर छापलेलं नसतं. भाचा उन्हाळ्यात लडाखला पोचून डबा उघडेल, तेव्हा तिथल्या थंड हवेत लसणाची पात आणि ओला हरभरा दरवळेल.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी झाली. आक्काचा नातू लातूरला नीटची तयारी करतो. लातूर पॅटर्न म्हटलं की लोकांना गुणपत्रिका आठवतात. मला गाद्या आठवतात. जून महिन्यात लातूरच्या ट्यूशनच्या रस्त्यांवर पाहावं: बाप गाडी चालवतोय, मागं पोरगं, दोघांच्या मधे पत्र्याची पेटी, पोराच्या पाठीशी गुंडाळलेली गादी, हँडलला बादली, बादलीत तांब्या. मराठवाड्याचं निम्मं वैद्यकशास्त्र या गाद्यांवरून गेलेलं आहे. नातू येळवशीला घरी आला होता आणि त्याला परत जायचं होतं. त्याची गादी आक्कानं नव्यानं पिंजून आणली होती.

"गाडी रिकामीच चालली की," आक्का म्हणाली.

रिकाम्या गाडीवर त्या वेळी मी बसलेलो होतो.

पुढचं सगळं भराभर ठरलं. गाडीवर भाचा, नातू आणि गादी. तिसरा माणूस कायद्यात बसत नाही, म्हणून मामा एसटीनं. पण गादी टॉप बॉक्सच्या वर चढेना. डबा आड येत होता. तेव्हा भाच्यानं ती प्रसिद्ध कळ दाबली. डबा 'टक' आवाज करून सुटा झाला आणि माझ्या हातात आला. अहमदपूर ते लातूर, तो इटालियन घाटाचा, लडाखसाठी घेतलेला डबा माझ्या मांडीवर बसून लाल एसटीनं गेला. एसटीत बायकांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. मी दोन्हींत बसत नाही. शेजारच्या आजींनी डब्याचा वास घेतला आणि आपुलकीनं विचारलं, "भज्जी हाय का?"

आणि गादी कशी बांधली? इथं मला त्या वस्तूकडं यायचं आहे जिच्यासाठी मी एवढं लिहिलं. आक्काच्या मुलानं गोठ्यातून सायकलची जुनी ट्यूब आणली. उभी चिरून केलेला लांब पट्टा, एका टोकाला गाठ, रंग राखेसारखा झालेला. कॅरिअरच्या दांडीला एक टोक अडकवलं, पाय गाडीला लावला, आणि ओढत ओढत गादीवरून पलीकडं नेलं. ट्यूब ओढली की बारीक होते, सोडली की चावते. नायलॉनची दोरी ओझं दबलं की सैल पडते, कारण दोरीचा ताण बांधणाऱ्याच्या हातात असतो. ट्यूबचा ताण ट्यूबमध्येच असतो. ओझं खाली बसलं तर तीही त्याच्यासोबत आवळत जाते. रबर असल्यानं सरकत नाही, पावसानं फुगत नाही, ऊन खाऊन तडकली तरी एकदम तुटत नाही, आधी भेगा दाखवते. दुकानातल्या आकडेवाल्या लवचिक दोऱ्यांचा आकडा सुटला तर तो थेट डोळ्याकडं येतो. ट्यूबला आकडाच नाही. एकच पथ्य: उरलेलं टोक लोंबतं ठेवायचं नाही, ते चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर गाडी जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढं जातो. टोक आत खोचून आक्काच्या मुलानं गादीवर एक चापट मारली. मराठवाड्यात ओझं बांधून झालं याचा तो अधिकृत शिक्का आहे. चापट मारल्याशिवाय कुणीही निघत नाही.

लातूरला मी उतरलो तेव्हा गाडी गंजगोलाईत उभी होती. या गोल बाजाराला सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या कोणत्या रस्त्यावर भेटायचं यावर फोनवर अर्धा तास गेला. परतीला भाच्याच्या आत्यानं गुळाची ढेप दिली, नातवानं गेल्या वर्षीच्या नोट्सचा गठ्ठा दिला ('नांदेडात कुणाला तरी द्या'), आणि अहमदपूरला पुन्हा थांबलो तेव्हा आक्काचं पोतं भरूनच ठेवलेलं होतं: तुरीची डाळ, ज्वारी, भुईमुगाच्या शेंगा, कारळाची चटणी, आणि वर फुटू नये म्हणून चादरीत गुंडाळलेली लोणच्याची बरणी. पोतं सीटवर आडवं टाकलं तेव्हा त्याची दोन्ही टोकं आपोआप दोन बाजूंना सारखी लोंबली. माळेगावच्या पडशीसारखीच. माझी परतीची एसटी संध्याकाळची होती. डबा माझ्याकडंच होता.

आता तुम्ही विचाराल, मग घ्यावं काय? भाच्याच्या डब्याशी माझं भांडण नाही. पुण्या-मुंबईकडं लॅपटॉप न्यायला, हेल्मेट कुलपात ठेवायला तो चांगला आहे. लांबच्या प्रवासाला बक्कलवाली, तोंड गुंडाळायची बॅग घ्यावी, सीटवर आडवी, निम्मी रिकामी. साडी गार्ड काढू नये. दूधवाला भेटला तर त्याच्या आकड्यांची उंची मोजून घ्यावी. आणि जुनी ट्यूब मिळेल तिथून मिळवावी, कारण नव्या गाड्यांना ट्यूबलेस टायर आल्यापासून पंक्चरच्या दुकानांतही ती दुर्मीळ होत चालली आहे. मी परवा मागितली तर दुकानदारानं पैसे सांगितले. ट्यूबचे पैसे!

आणि नांदेडहून लातूरला निघालाच, तर अहमदपूरला चहा स्टँडवरच प्या. आमच्या आक्काकडं जाऊ नका. यंदा तिची तूर बरी झाली आहे.